लिहून देणार: परमेश्वर. लिहून घेणार: झोपलेला.

दस्तलेखक

एकतीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर टेबल टाकून बसलो. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, सगळं या हातांनी लिहिलं. कुठलाही दस्त घ्या, पहिल्या पानावर दोनच माणसं असतात: लिहून देणार आणि लिहून घेणार. बाकीचं सगळं त्यांच्यामागून येतं.

यंदा शेजारच्या घराची आवराआवर चालू होती, त्यांच्या वडिलांची पुस्तकं रद्दीत चालली होती. त्यातलं बायबल मी उचलून आणलं. उघडलं तर आतल्या पानावर 'जुना करार'. हसूच आलं. आमच्या भाषेत जुना करार म्हणजे मुदत संपलेला, ज्याची आता फक्त झेरॉक्स मागतात तो. म्हटलं, बघू तरी कोणी कोणाला काय लिहून दिलंय.

उत्पत्ती, अध्याय १५ वाचला आणि अडकलो. तो दस्त असा.

अब्राम (पुढे अब्राहाम झाला तो) म्हातारा आहे, मूलबाळ नाही. देव सांगतो, तारे मोज, तेवढी तुझी संतती होईल, आणि हा देश तुझा. यावर अब्राम काय म्हणतो? "हे वतन मला मिळेल हे मला कशावरून कळावं?" अहो, हा तर माझ्या टेबलासमोरचा माणूस! तोंडी नको, लेखी द्या.

मग देव त्याला जनावरं आणायला सांगतो. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, एक होला आणि पारव्याचं एक पिल्लू. अब्राम मोठी जनावरं मधोमध चिरतो, अर्धं इकडे अर्धं तिकडे अशी समोरासमोर मांडतो. पक्षी चिरत नाही. त्यानंतर जे आहे ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. मांसावर गिधाडं उतरतात आणि हा म्हातारा ती हाकलत राहतो. किती वेळ, ते लिहिलेलं नाही. देवाचा पत्ता नाही, मांसावर माश्या घोंघावत असणार, आणि हा हातवारे करत उभा.

सूर्य मावळतीला येतो. अब्रामला गाढ झोप लागते, काळोखाची भीती त्याला घेरते. अंधार पडल्यावर एक धुमसती भट्टी आणि एक जळती मशाल त्या तुकड्यांच्या मधून पलीकडे जाते. झाला करार.

माझा प्रश्न: तुकड्यांमधून एकच पक्ष गेला. दुसरा झोपलाय. त्याची सही नाही, अंगठा नाही. असा दस्त मी निबंधकापुढे ठेवला असता तर त्यांनी तो माझ्या अंगावर फेकला असता. जाणकारांनी सांगावं, हे काय आहे?

पोहेप्रेमी

वाखुसा (वाचनखूण साठवली). कालवडीपर्यंत जेवत वाचत होतो, मग ताट बाजूला ठेवलं.

मोडीवाचक

मस्त धागा, काका. तुकड्यांच्या मधून जाण्याची भानगड तेवढी सांगतो.

हिब्रूत करार 'करत' नाहीत, 'कापतात'. कारत ब्रीत. कारत म्हणजे कापणे, ब्रीत म्हणजे करार. आपल्याकडे करार तोडला म्हणजे मोडला. त्यांच्याकडे कापला म्हणजे पक्का झाला. कारण हेच जनावर. चिरलेल्या तुकड्यांमधून जाणारा न बोलता सांगत असतो, की मी शब्द फिरवला तर माझं असं होवो.

ही पद्धत फक्त बायबलातली नाही. सीरियात अलेप्पोच्या जवळ सफीरे इथे इसवीसनापूर्वी आठव्या शतकातले अरामी शिलालेख सापडलेत. दोन राजांमधला तह आहे. त्यात सरळ लिहिलंय, हे वासरू जसं कापलं जातंय तसा मतीएल कापला जावो. मतीएल म्हणजे तहातला दुबळा राजा. अशा तहात बहुधा दुबळाच शपथ घेतो. बलवान कशाला स्वतःला शाप देईल?

आता तुमचा दस्त पुन्हा वाचा. इथे तुकड्यांमधून कोण गेलं?

दस्तलेखक

अरे देवा.

पोहेप्रेमी

अवांतर: मराठीत 'भट्टी' लिहिलंय तिथे मूळ शब्द काय आहे?

मोडीवाचक

तन्नूर. हो, तोच आपला तंदूर. अक्कडीपासून फारसीपर्यंत फिरलेला शब्द आहे. परमेश्वर तंदूर होऊन जातो असं म्हणायचं धाडस मराठी भाषांतरकारांना झालं नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही.

सांजघंटा

आम्ही नगरकडचे, घरात चार पिढ्या बायबल. हा अध्याय मी लहानपणापासून ऐकतोय, पण 'लिहून देणार' ही नजर नवीन. सहीबद्दल मात्र मला थोडं वेगळं म्हणायचंय.

सही आहे, फक्त आधीच्या परिच्छेदात. सहावं वचन बघा: अब्रामने परमेश्वरावर विश्वास ठेवला. बक्षीसपत्रातही घेणाऱ्याची स्वीकृती लागतेच ना, काका? ही ती स्वीकृती. मूळ क्रियापद 'हेएमीन'. त्याचं धातुरूप आलेफ-मेम-नून. त्यातूनच 'एमुना' म्हणजे भरवशालायकपणा, त्यातूनच 'आमेन', आणि त्याच मुळाचा अरबी भाऊबंद म्हणजे आपल्या रोजच्या तोंडचा 'इमान'. बेइमान, इमानदार, इमानेइतबारे म्हणताना आपण अब्रामचंच क्रियापद वापरत असतो.

'करार' हा शब्दही मराठीला नशिबाने मिळालाय. हिब्रू 'ब्रीत'चं ग्रीक झालं 'दियाथेके', त्याचं लॅटिन 'तेस्तामेंतुम', आणि त्या वाटेने पश्चिमेकडच्या वाचकाच्या कानात 'मृत्युपत्र' घुमत राहिलं. आपण अरबी-फारसीतून आलेला 'करार' उचलला आणि सरळ ब्रीतच्या दारात येऊन उभे राहिलो. केडगावला पंडिता रमाबाईंनी आख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणायचं काम आयुष्याच्या शेवटापर्यंत केलं. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते छापून निघालं. एकटीने मूळ भाषा शिकून बायबल मराठीत आणणारी बाई आपल्या गावाकडची होती, हे आपण फार कमी बोलतो.

तेलघाणा

नमस्कार मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, जन्म पनवेलचा, आता इस्राएलमधल्या लोदमध्ये. टोपणनावावरून ओळखलं असेलच, आम्ही शनिवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. मराठी टाइप करताना चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमची चर्चा कागदाची चाललीय. आमच्या घरात ब्रीत हा शब्द कागदाचा नाही, मुलाचा आहे. मुलगा आठ दिवसांचा झाला की ब्रीत मिला. ब्रीत म्हणजे हाच करार, उत्पत्ती १७ मधला. तिथेही दुसऱ्या पक्षाला विचारतं कोण? आठ दिवसांचं पोर. ते रडतं, त्याच्या ओठांवर द्राक्षारसाचा थेंब लावतात, आणि ते करारात दाखल!

पण साक्षीदार असतो हां, दस्तलेखक काका. त्या वेळी एक खुर्ची रिकामी ठेवतात, ती एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची. बायबलात एलिया डोंगरावरच्या गुहेत बसून देवाकडे गाऱ्हाणं करतो, की इस्राएल लोकांनी तुझा करार टाकून दिलाय, मी एकटाच उरलोय (१ राजे, अध्याय १९). मग आमचे रब्बी म्हणतात, देवाने त्याला शिक्षा दिली. करार टाकला म्हणतोस ना? आता जगात जिथे जिथे ब्रीत होईल तिथे तिथे तू जायचंस आणि डोळ्यांनी बघायचंस. चुगली करणाऱ्याला कायमचं साक्षीदार करून टाकलं!

कोकणातले आम्ही तर एलियाहूचेच. नवस त्याचा, मलिदा त्याचा. पोहे, गूळ, खोबरं, सुका मेवा, वर फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची चाकं उमटलीत असं आजी सांगायची, तिथे आम्ही जायचो.

आजीची आणखी एक आठवण. पावसात इंद्रधनुष्य दिसलं की ती आम्हाला दारात बोलवायची, हिब्रूत एक ओळ म्हणायची, आणि लगेच "चला आत, टक लावून बघू नये". त्या ओळीचा अर्थ मला इथे येऊन कळला. धन्य तो परमेश्वर, जो करार आठवतो, करारात इमान राखतो आणि शब्द पाळतो. नोहाच्या पुरानंतरचा करार, उत्पत्ती ९. पुन्हा जगाला पाण्याने बुडवणार नाही असं वचन, आणि धनुष्य त्याची खूण. ती खूण माणसासाठी नाही बरं का. तिथे देव म्हणतो, ते धनुष्य मी पाहीन आणि मला आठवेल.

पोहेप्रेमी

म्हणजे देवाने पदराला गाठ मारली.

तेलघाणा

अगदी!! आजी असती तर तुम्हाला मलिद्याची दुसरी वाटी मिळाली असती.

मोडीवाचक

तेलघाणाताई, त्यात एक भर. हिब्रूत ते नुसतं 'केशेत', म्हणजे बाण मारायचं धनुष्य. आपणही त्याला इंद्राचं धनुष्यच म्हणतो, तेही शस्त्रच. तेराव्या शतकातले रम्बान म्हणून मोठे भाष्यकार, ते दाखवतात की या धनुष्याची टोकं खाली जमिनीकडे आहेत. म्हणजे रोख पृथ्वीवर नाही. शस्त्र उलटं टांगून ठेवलंय.

अक्कलखाते

छान भजन चाललंय, पण मी जरा मिठाचा खडा टाकतो.

एक. एकतर्फी, बिनशर्त वगैरे सगळं उत्पत्तीत. पुढे सीनाय डोंगरावर मोशेच्या वेळी मामला पूर्ण बदलतो. निर्गम २४ मध्ये मोशे रक्त अर्धं वेदीवर टाकतो, अर्धं लोकांवर शिंपडतो, आणि लोकांकडून वदवून घेतो की सांगितलेलं सगळं पाळू. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात तर अटींचं पुस्तकच आहे. पाळाल तर चौदा वचनं आशीर्वाद, न पाळाल तर पन्नासच्या वर वचनं शाप. हा करार नाही, धमकी आहे.

दोन. इसवीसनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सरने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, राजा सिद्कीयाचे डोळे काढून बाबेलला नेलं. कुठे गेला करार?

तीन. ज्या देशाचं वचन दिलं तिथे आधीच माणसं राहत होती. त्याच अध्यायाच्या शेवटी दहा जमातींची यादी आहे. तिसऱ्याच्या कब्जातली जमीन पहिल्याने दुसऱ्याला लिहून दिली. दस्तलेखक, तुम्ही असं खरेदीखत लिहिलं असतंत?

संपादक

तिसरा मुद्दा ग्रंथातल्या मजकुरापुरता ठेवावा. आजच्या बातम्यांवर येऊन धाग्याचा काश्मीर करू नये. त्यासाठी वेगळे धागे उघडे आहेत.

दस्तलेखक

अक्कलखाते, तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. नसतं लिहिलं. जमीन निर्वेध नाही, हे त्या दस्तातच दिसतंय. तिथे कारणही दिलंय, की अमोरी लोकांच्या पापाचा घडा अजून भरलेला नाही, म्हणून तुझी माणसं चारशे वर्षं परक्या देशात गुलामी करून मग परत येतील. मला ते कारण पचलं नाही, खोटं कशाला बोलू.

पण लेवीय २५ मध्ये एक कलम सापडलं, ते तुमच्यापुढे ठेवतो. तिथे देव म्हणतो, जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि कुळं आहात. म्हणजे मालकी दिलेलीच नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कात नाव लागलंय, एवढंच.

मोडीवाचक

आणि लेवीयच्याच अध्याय १८ मध्ये त्या कुळांना ताकीद आहे, की आधीच्यांसारखे वागलात तर ही जमीन तुम्हालाही ओकून टाकेल. आमोस संदेष्टा तर त्याहून पुढे जातो. तो विचारतो, पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अरामी लोकांना कीरहून मीच आणलं नाही का? 'आम्हीच तेवढे लाडके' म्हणणाऱ्यांना आतूनच दिलेला हा चिमटा.

आता शापांबद्दल. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इसवीसनापूर्वी ६७२ मध्ये आपल्या मांडलिकांकडून मोठी शपथ घेतली, की माझ्यामागून माझा मुलगा अशुरबनिपाल याच्याशीच इमान राखाल. त्या मातीच्या पाट्या इराकात निमरूदला १९५५ मध्ये सापडल्या, आणि एक प्रत २००९ मध्ये तुर्कस्तानात टेल तायिनातला, तीही मंदिरात. त्यात शाप आहे, तुमची जमीन लोखंडाची होवो, आणि पितळेच्या आकाशातून जसा पाऊस पडत नाही तसा तुमच्यावर न पडो. आता अनुवाद २८:२३ काढा. डोक्यावरचं आकाश पितळेचं, पायाखालची जमीन लोखंडाची!

यहूदाचा राजा अश्शूरचा मांडलिक होताच. म्हणजे ज्याने हे लिहिलं त्याला सम्राटाच्या शपथेचा मसुदा चांगला ठाऊक होता. त्याने मसुदा तोच ठेवला आणि सम्राटाचं नाव खोडून देवाचं घातलं. आमचं इमान त्याच्याशी, तुझ्याशी नाही. तुम्हाला धमकी दिसते, अक्कलखाते, मला बंड दिसतं. बहुधा दोन्ही आहे.

दुसरा नमुना दानपत्राचा. एकनिष्ठ सेवकाला राजा वंशपरंपरा जमीन देतो, तसा. अब्राहामचा आणि इस्राएलचा राजा दावीद याचा करार त्या घाटाचा आहे असं अभ्यासक मांडतात. आपल्याला हे समजायला बाहेर जायला नको. गधेगाळाच्या दगडावर वर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली दान मोडणाऱ्याला तो अचकट शाप. चंद्र-सूर्य असेतोवर दान चालावं, आचंद्रार्क. आता स्तोत्र ८९ मध्ये दावीदच्या घराण्याबद्दल वाचा. त्याचं सिंहासन माझ्यासमोर सूर्यासारखं, चंद्रासारखं सर्वकाळ टिकेल, आणि आकाशातला साक्षी विश्वसनीय आहे.

अक्कलखाते

टिकलं का पण? तेच विचारतोय.

दस्तलेखक

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण ते स्तोत्र ८९ वाचत होतो. एकदा नाही, सात-आठदा. सांजघंटांनी व्यक्तिगत निरोपात हिब्रू शब्द कुठे कुठे आहेत ते खुणा करून पाठवले, त्यांचे आभार.

आधी मागची गोष्ट, २ शमुवेल ७. दावीद गादीवर बसलाय, स्वतः गंधसरूच्या वाड्यात राहतोय आणि देवाचा कोश, म्हणजे कराराची पेटी, कापडी तंबूत. त्याला वाटतं देवासाठी घर बांधावं. देव निरोप पाठवतो, तू माझं घर बांधणार? मीच तुझं घराणं उभं करतो. हिब्रूत घर आणि घराणं एकच शब्द, बाइत. मराठीत ही कोटी जवळजवळ जशीच्या तशी उतरते. तुझी मुलं चुकली तर त्यांना छडीने मारीन, पण माझी प्रेमदया काढून घेणार नाही, असं तिथे पक्कं वचन आहे.

स्तोत्र ८९ हे वचन घोळवून घोळवून म्हणतं. पहिल्या सदतीस वचनांत नुसती स्तुती. 'हेसेद' (हीच ती प्रेमदया) आणि 'एमुना' ही जोडी पुन्हा पुन्हा येते, पूर्ण स्तोत्रात दोन्ही शब्द सात-सात वेळा. देवाच्या तोंडी शब्द आहेत, की मी आपल्या पावित्र्याची शपथ एकदाच वाहिली आहे, दावीदशी मी खोटं बोलणार नाही. वाचताना वाटतं, दरबारी भाट गातोय.

आणि अडतिसाव्या वचनाला तो भाट गर्रकन वळतो. "पण तू टाकलंस." तू आपल्या सेवकाशी केलेला करार झिडकारलास, त्याचा मुकुट धुळीत मिळवलास, त्याचे तट पाडलेस, वाटेने जाणारे त्याला लुटतात. एकापाठोपाठ एक वाक्य, जवळजवळ सगळ्यांचा कर्ता एकच: तू, तू, तू. बाबेलने केलं असं एकदाही म्हणत नाही. शेवटी विचारतो, प्रभू, ज्याची शपथ दावीदशी वाहिलीस ती तुझी पूर्वीची हेसेद कुठे आहे?

उत्तर नाही. स्तोत्र संपतं.

अक्कलखाते, मला हे फार ओळखीचं वाटलं. माझ्या टेबलासमोर जे रडत यायचे त्यांत दोन जाती असायच्या. एक, ज्यांच्याकडे कागदच नाही. ते हात जोडायचे, पाया पडायचे, साहेब काहीतरी करा म्हणायचे. दुसरे, ज्यांच्याकडे कागद आहे. ते कागद आपटायचे. "ही बघा तुमची सही!" गरीब असले तरी आवाज चढलेला असायचा. या स्तोत्रातला माणूस दुसऱ्या जातीचा आहे. तो दया मागत नाहीये, दस्त दाखवतोय. देवाने स्वतःला बांधून घेतलं नसतं तर याला भांडायला जागाच नव्हती. टाकलं असं म्हणता येतं ते कोणीतरी धरलं होतं म्हणूनच.

सांजघंटा

स्तोत्र ४४ वाचा मग. तिथे लोक म्हणतात, हे सगळं आमच्यावर आलं, तरी आम्ही तुला विसरलो नाही, तुझा करार मोडला नाही. ऊठ, झोपलास का? देवालाच विचारतात, झोपलास का! अब्राम झोपला होता तेव्हा तू जागा होतास, आता तू झोपलास. (हे माझं जोडकाम, स्तोत्रात नाही.)

'हेसेद'बद्दल माझी जुनी तक्रार मांडतो. हिब्रू शास्त्रात हा शब्द सुमारे अडीचशे वेळा येतो, आणि मराठीत बहुतेक वेळा 'दया' होतो. स्तोत्र १३६ मध्ये सव्वीस वचनं आणि सव्वीसही वचनांचा शेवट, त्याची दया सनातन आहे. आम्ही ते आलटून पालटून म्हणतो, एक ओळ पुढचा, एक ओळ सगळे. पण दया आपण भिकाऱ्याला दाखवतो. हेसेद आपल्या माणसाला दाखवायची असते, ज्याच्याशी नातं जुळलंय त्याला, आणि नियमाने लागू असतं त्याच्याही पुढे जाऊन.

रूथची गोष्ट घ्या. नामीचे दोन्ही मुलगे गेले. मवाबी सुनांना ती म्हणते, आपापल्या माहेरी जा, मेलेल्यांशी आणि माझ्याशी तुम्ही हेसेदने वागलात तसा परमेश्वर तुमच्याशी वागो. एक सून जाते, तिला कोणी नावं ठेवत नाही. रूथ जात नाही. तिच्यावर कुठलंच बंधन उरलेलं नसतं, तरी जात नाही. माझ्या आईच्या भाषेत त्याला 'माया आणि इमान' म्हणतात. एका शब्दात कुठे मावणार?

आणि एक. १९७९ मध्ये यरुशलेममध्ये केतेफ हिन्नोमच्या थडग्यांत पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बारकाय यांच्या खोदकामात चांदीच्या दोन गुंडाळ्या सापडल्या. सिगारेटच्या थोटकाएवढ्या, गळ्यात बांधायच्या ताइताच्या. न मोडता उलगडायला तीन वर्षं गेली. मंदिर पडण्याच्या आसपासच्या काळातल्या, आणि त्यांच्यावर गणना ६ मधला याजकाचा आशीर्वाद कोरलेला. त्यातल्या एकीवर ब्रीत आणि हेसेद हे शब्दही आहेत, की जो आपल्यावर प्रेम करणाऱ्यांसाठी करार आणि हेसेद राखतो. कोणीतरी ते गळ्यात घालून पुरला गेला.

अक्कलखाते

स्तोत्र ८९ वाचलं. मान्य करतो, अपेक्षा नव्हती. धर्मग्रंथात देवावरच ठपका, आणि तो संपादकांनी उडवलेला नाही.

तरी बदल्यात एक देतो, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अध्याय ३४, कारण कापलेलं वासरू तिथे परत येतं. शहराला बाबेलचा वेढा. सिद्कीया राजा लोकांशी करार करतो, की सगळ्यांनी आपले हिब्रू गुलाम सोडायचे. वासरू चिरून त्याच्या तुकड्यांमधून सरदार, दरबारी, याजक, सगळे जातात. गुलाम सुटतात. मग मिसरची फौज येते, बाबेलवाले वेढा उठवतात, आणि संकट टळलं असं वाटल्याबरोबर हे लोक सोडलेले गुलाम धरून परत आणतात! यिर्मया म्हणतो, तुम्ही स्वातंत्र्य जाहीर केलं नाहीत, तर मी तुम्हाला स्वातंत्र्य जाहीर करतो: तलवार, मरी आणि दुष्काळ यांच्या हवाली व्हायचं. त्या वासरासारखे व्हाल, पाखरं तुमची प्रेतं खातील.

अब्रामने गिधाडं हाकलली होती. इथे हाकलायला कोणी नाही.

मोडीवाचक

वा. (अक्कलखाते, तुम्ही हळूहळू आमच्यात येताय.)

त्याच अध्यायाच्या सातव्या वचनात एक ओळ आहे, की यहूदाच्या कोटबंद नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. १९३५ मध्ये लाखीशच्या वेशीजवळच्या खोलीत जळक्या थरात खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं मिळाली. बाहेरच्या चौकीवरच्या माणसाने लिहिलेल्या एका पत्रात आहे, आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांवर नजर ठेवून आहोत, अजेका आम्हाला दिसत नाही. त्याचा अर्थ अजेका पडलं होतं की चौकीवरून ते दिसतच नव्हतं, यावर वाद आहेत. मला ते खापर आठवलं की वाद आठवत नाहीत.

दस्तलेखक

मंडळी, तुम्ही मला यिर्मयात ढकललंत. ३४ च्या आधी ३२ येतो, आणि तिथे माझ्या धंद्याचं सोनं पडलंय. कोणी आधी सांगितलं कसं नाही?

पुन्हा वेढा. यिर्मया राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, कारण शहर पडणार असं तो बोलत सुटलाय. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो. म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत तू विकत घे, भाऊबंद म्हणून पहिला हक्क तुझा आहे. अनाथोथ वेढ्याच्या पलीकडे. बाहेर बाबेलची फौज, आत उपासमार, घेणारा तुरुंगात, आणि भाऊ जमीन विकायला आलाय. असे भाऊ मी पाहिलेत.

यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी. आणि मग दस्त कसा होतो ते इतकं बारीक लिहिलंय की माझे डोळे भरून आले. तो खत लिहून सही करतो, मोहोर लावतो, साक्षीदार घेतो, चांदी तराजूत तोलून देतो. दोन प्रती: एक अटी-शर्तींसह मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती सगळ्यांदेखत देतो आणि सांगतो, मातीच्या भांड्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

बारूख गेल्यावर मात्र यिर्मया देवाला म्हणतो, अरे बघ ना, मोर्चे तटाला येऊन भिडलेत, शहर चाललं, आणि तू मला रोकड देऊन शेत घे म्हणतोस? आधी सही, मग शंका. आमच्याकडे नेहमी उलटं असतं.

मागच्याच पानांवर, ३१ मध्ये (मी मागे-पुढे वाचतो), नवा करार आहे, जो पाटीवर नाही, हृदयावर लिहायचा. सांजघंटांची मंडळी तो कसा वाचतात आणि तेलघाणाताईंची कसा, यात फरक असणार, तो तुम्हीच सांगा. मला आपलं मडकं आवडलं.

तेलघाणा

फरक आहे, आणि त्यावर दोन हजार वर्षं बोलून झालंय, इथे नको. आमच्याकडे तो करार इस्राएलच्या आणि यहूदाच्या घराण्याशी आहे असं तिथेच लिहिलंय, एवढं म्हणून थांबते.

मडक्यावरून सांगते. माझ्या वडिलांनी देश सोडताना अलिबाग तालुक्यातल्या घराचे कागद बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून आणले. घर कधीच दुसऱ्याचं झालं होतं, कागदांचा काही उपयोग नव्हता. डबा अजून कपाटावर आहे. आई म्हणायची फेकून द्या, ते म्हणायचे राहू दे.

सांजघंटा

ताई, फरकाबद्दल तुमच्याइतकंच बोलून मीही थांबतो. डब्याबद्दल मात्र सावकाश लिहा कधीतरी.

मोडीवाचक

मोहोरबंद आणि उघडी प्रत ही यिर्मयाची कल्पना नाही, खरी रीत होती. मृत समुद्राच्या पश्चिमेला नाहाल हेव्हेरच्या गुहेत १९६१ मध्ये यिगाएल यादीन यांना बाबथा नावाच्या ज्यू बाईचं दप्तर सापडलं, इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातलं. कातडी पिशवीत पस्तीस कागद: जमिनी, लग्न, मुलाच्या पालकत्वाचे खटले. त्यात असेच दुहेरी दस्त आहेत. एकाच पानावर मजकूर दोनदा, वरचा भाग गुंडाळून दोऱ्याने बांधलेला, पाठीवर साक्षीदारांच्या सह्या. खालचा भाग वाचायला उघडा. वाद झाला तर वरचं फोडायचं.

दस्तलेखक

आम्ही उगाच संगणकीकृत झालो.

सतरा शेकेल म्हणजे किती हो?

मोडीवाचक

शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या थोडी आत चांदी.

दस्तलेखक

स्वस्तात गेलं. वेढ्यातल्या जमिनीला भाव तरी कसला येणार.

पोहेप्रेमी

एक शंका. माणूस कैदेत. साक्षीदार कुठून मिळाले त्याला?

दस्तलेखक

चौकात जे यहूदी बसले होते ते. तसंच लिहिलंय, बारावं वचन. आमच्याकडेही वेगळं काही नव्हतं. साक्षीदार आला नाही की मी बाहेरच्या चहावाल्याला हाक मारायचो, तो हात पुसत यायचा.